हिच्या खुब्यातली वाटी

७ डिसें.
हिचा एक्स-रे आला. खुब्यात माझ्या निवृत्तीआधी बसवलेली प्लास्टिकची वाटी झिजली. झिजेचा भुगा भोवतालचं हाडही खातोय म्हणे. डॉ. म्हणाले, वाटी बदलली नाही तर ही आता उठत नाही. पण इथं नाही, लखनौला.
लखनौ! निवृत्त झालो त्या वर्षी दोघांनी मिळून क्षेत्रसंन्यास घेतला. काशीची वेस ओलांडायची नाही, मरायचं ते इथंच.

८ डिसें.
श्री कामावरून आला. मुलगा आमचा, नदीपलीकडे रामनगरच्या कारखान्यात गंगाजलासाठी प्लास्टिकचे कॅन बनवतो. पलंगावर पिशवी आणि कॅन मांडून समजावत बसला. "बाबा, सब पॉलिथिनच. पिशवीचं ग्रेड लचकतं, कॅनचं कडक, आईच्या वाटीचं सगळ्यात चिवट. त्याचा कच्चा दाणा आमच्या मशीनमध्ये वितळून वाहतच नाही."
ही म्हणाली, "एवढं चिवट, मग झिजलं कसं रे?"
"रोज घाट उतरलीस-चढलीस, आई!" नवी वाटी याहून टिकाऊ असते म्हणाला.
ही हसली. "माझ्यानंतरही टिकेल. फुकट जाईल."

१० डिसें.
पहाटे एकटाच अमृतराव घाटावर. पूर्वी शाळेतली कविता म्हणत पायऱ्या उतरायचो. पहिली ओळ माझी, दुसरी हिची. जन्मभर मुलांना शिकवली, आज दुसरी ओळ आठवेना. धुक्यात उभा राहिलो नुसता. घरी येऊन हिच्यापुढे पहिली ओळ म्हटली. हिनं भिंतीकडे तोंड केलं.

११ डिसें.
श्री चिडला. "संन्यास-बिन्यास छोडो ना बाबा! आई पलंगावर सडेल."
त्याचा कारखानाही हिनं पाहिलेला नाही. नदीपलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म, म्हणून.
"मग मी रोज गाढव होऊनच परत येतो का?"
ही खो खो हसली, मग रडली. "अहो, तुम्ही सांगा ना काय करू."

१२ डिसें.
जा म्हणावं, तर तिकडेच काही झालं तर... राहा म्हणावं, तर हे कण्हणं...

१४ डिसें.
श्रीनं लखनौला जायला गाडी ठरवली, उद्या सकाळी येणार. श्रीनं कोरा कॅन घाटावर भरून आणला. "आई, तिथं काही झालंच तर तोंडात घालायला." नि पाठ करून उभा राहिला.
हिनं कॅनवर हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "झाकण घट्ट लाव रे."
म्हणजे लखनौला येते म्हणाली की काय, विचारायचा धीर होत नाही. साड्या भरा असं अजून म्हणाली नाही. कॅन मात्र उशाशी ठेवायला लावला.