वीसपैकी वीस

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

"घरात कोणी नाहीये, तुम्ही नंतर या." सासूबाईंचं हे वाक्य तुम्हाला आठवत असेलच. तुमचे दादा कामावरून परतले होते, हातात जेवणाचा रिकामा डबा होता, आणि त्यांच्या आईने दार अर्धवट उघडून पोटच्या मुलाला अगदी नम्रपणे हे सांगितलं. मग दार लावून घेतलं. बावीस वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल हे पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत. पण गेली तीन वर्षं आमच्याकडे जे चाललंय, ते त्या एका वाक्याशी चाललेलं भांडण आहे असं मला वाटतं.

तुम्ही विचारलंत की दादाचं मेंदूचं खूळ कुठवर आलं. ऐका तर. सकाळी डाव्या हाताने दात घासायचे. भिजवलेले सात अक्रोड एकेक करून खायचे. मग तीनशेतून सात-सात वजा करत, झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत उलट्या पावलांनी चालत यायचं. परवा माझ्या पायावर पाय पडला, तर आधी एकशे साठ म्हणून झालं आणि मग माफी मागितली. त्यानंतर परीक्षा. मी शब्दकोश कुठेही उघडून वीस शब्द काढायचे आणि एकदाच वाचायचे. वीस मिनिटांनी ते आठवून म्हणतात आणि मी वहीत लाल पेनाने खुणा करते. चौतीस वर्षं शाळेत पेपर तपासले, वाटलं सुटले. म्हातारपणी एकच विद्यार्थी नशिबी आला, तोही नापास व्हायच्या धास्तीने वाळलेला.

दर रविवारी ते डब्यांच्या जागा बदलतात. मेंदूला सवय लागली की तो झोपतो, म्हणे. त्यामुळे चहात मीठ पडलं. मी ओरडले तर म्हणाले, बघ, तुझा झोपला होता. माझा मेंदू झोपला असेल वन्सं, पण जीभ जागी होती ना! शेजारच्या शिंपीणबाई संध्याकाळी घटकाभर टेकायच्या. त्यांनाही शब्द विचारायला लागले, तेव्हा त्यांनी मशीन सोडून यायचंच बंद केलं. लेकीकडे जायचं तिसऱ्यांदा रद्द झालं, कारण प्रवासात परीक्षेची वेळ चुकते. फोन यांच्या खुर्चीला लागून. फक्त पत्राला मोकळीक आहे, हाताने लिहिणं मेंदूला चांगलं म्हणून. पाकीट पेटीत टाकायलाही हेच जातात, रोज वेगळ्या रस्त्याने. नवा रस्ता म्हणजे मेंदूला नवं काम.

इथवर हसून लिहिलं. आता खरं लिहिते. गेल्या मंगळवारी दहाला भाजी आणायला म्हणून गेले, ते दीडला आले. कोपऱ्यावरचा चावीवाला दंडाला धरून घेऊन आला. मला म्हणाले, आज नवा रस्ता घेतला. शर्टाचं बटण चुकीच्या काजात असतं, तर डाव्या हाताने लावलं म्हणून. साखरेचा डबा हातात धरून साखर शोधतात, तर डबे हलवलेत म्हणून. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. व्यायाम कुठे संपतो आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, ते मला कळेनासं झालंय. डॉक्टरांचं नाव काढलं की वही पुढे करतात. गेले चौदा महिने अठराच्या खाली गुण नाहीत, बहुतेक दिवशी वीसपैकी वीस. आकड्यांपुढे मी काय बोलणार?

तुमची माया या घराला नेहमीच पुरली आहे. आता थोडी जास्त लागेल, एवढंच.

तुमची
वहिनी


ता. १७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी हसत वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

दादा पहिल्यापासून असाच. लहानपणी आम्हा दोघांत एक वडी मिळाली की तो दोरा आणि दोन पुठ्ठे घेऊन तराजू करायचा. एक तुकडा जड भरला, तर जड बाजूचा कण तोडून स्वतः खायचा. मग दुसरी बाजू जड व्हायची, तोही कण तोच खायचा. शेवटी माझ्या वाट्याला जे यायचं ते मुंगीलाही पुरलं नसतं, पण दोन्ही पारडी कशी अगदी सारखी! असा माणूस वजनमापांचा निरीक्षक नाही होणार तर काय गवई होणार? आठवडा-बाजारात तो नुसता दिसला तरी दुकानदार पारड्याखालचं मेण काढून टाकायचे.

पण वहिनी, मीही चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. रक्ताच्या नळ्यांवर आकडे लिहून बोटं वाकडी झाली. तिथे एक गोष्ट शिकले. जिवंत माणसाचा आकडा रोज थोडा हलतो. तो हलायचा थांबला, की माणूस ठणठणीत आहे असं आम्ही समजत नव्हतो, यंत्र बिघडलंय असं समजत होतो. दादा त्र्याहत्तर वर्षांचा आहे. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. काल मुद्दाम वीस शब्द पाठ करून पाहिले, तेरा आले आणि त्याचाही मला अभिमान वाटला. साखर हातात धरून साखर शोधणारा माणूस वीसपैकी वीस कसे आणतो?

रागावू नकोस, पण विचारते. ती वही तपासतं कोण?

धाकटी म्हणून तुझ्या पोटात मला नेहमी जागा मिळाली. या प्रश्नानंतरही ती मिळावी.

तुझी
नणंद


ता. २६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तपासते मी. तुम्हाला ठाऊक होतं, तरी विचारलंत. बरं केलंत.

शाळेत मला मुलं काय म्हणायची ते तुमच्या दादांनीच तुम्हाला सांगितलं असेल. कात्री. कोणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही. मुख्याध्यापकांचा भाचा एका गुणाने राहिला, तर त्याला राहू दिलं. ती मी चौदा महिने खोटे गुण देते आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत एक दिवस तेरा आले. त्याआधी सतरा-अठरा असायचे.  राहिलेले सात शब्द कागदावर लिहून हे दिवसभर घरात म्हणत फिरले. पंखा, अंगठा, मजूर, पंखा, अंगठा, मजूर. ताटावरून दोनदा उठले. संध्याकाळी मी पाहिलं, तर बाहेरच्या दाराशी उभे राहून कडी आतून उघडत होते आणि लावत होते. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, आईच्या हाताला ही कडी कशी लागत असेल ते बघतोय.

दुसऱ्या दिवशी बारा आले. माझ्या हातात लाल पेन होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते वन्सं, जशी पोरं निकालाच्या दिवशी बघतात. मी अठरा लिहिले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि भांडी घासताना मागे उभे राहून शीळ घातली. एकच दिवस, असं मी स्वतःला सांगितलं. मग सवय झाली. त्यांच्याऐवजी मीच शब्द मोजायचे. सहा म्हणून थांबले की मी म्हणायचे, झाले की हो सगळे.

खरे गुण मी कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहीत आले. निदान कुठेतरी खरं असावं म्हणून. गेल्या महिन्याचं पान पाकिटात घालते आहे. नऊ, आठ, नऊ, सात, सहा, आठ, पाच. तुम्ही आकड्यांची माणसं, तुम्हाला काय ते कळेल. मला एवढंच कळतं की मीच त्यांच्या हातात ती वही दिली, आणि आता ते तीच माझ्यापुढे धरतात. वेळेवर डॉक्टरांना दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मी रोज डबे जागेवर लावताना स्वतःला विचारते.

तुम्ही या आणि त्यांना सांगा. त्यांचा तुमच्यावर राग टिकत नाही. माझं तोंड उघडत नाही. मी सांगितलं, तर शब्दांबरोबर मीही त्यांच्या हातून जाईन, असं वाटतं.

हे वाचूनही मला वहिनीच म्हणत राहा.

तुमची
वहिनी


ता. ६ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पान मिळालं. चष्मा पुसून तीनदा पाहिलं. मग ते उलटं करून कॅलेंडरची पुढची बाजू पाहत बसले, तीच बरी वाटली.

तुला दोष द्यायला बसले होते, पण जमलं नाही. आईच्या वेळी मी काय केलं? ती मला दुधवाली समजायची, तर मी दर खेपेला दुधाची पिशवी घेऊन जायचे. सोपं पडायचं.

पण मी सांगणार नाही. गुण तू दिलेस, तूच परत घे. मी सांगितलं तर ती बहिणीने केलेली चुगली होईल. तू सांगितलंस तर निदान तुम्हा दोघांतली गोष्ट राहील. मी माझ्या जुन्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी वीस तारखेची वेळ दिली आहे. मी अठराला येते, आदल्या संध्याकाळपर्यंत तू त्याच्याशी बोलून घे. त्या म्हणाल्या की गेलेलं परत येत नाही, पण पुढचं हळू करता येतं का ते बघू. आणि त्यांनी विचारलं की घरात त्याची काळजी घेणारीची काळजी कोण घेतं.

माझ्यासाठी खोलीत जास्तीची उशी काढून ठेव, आणि मनातली माझी जागाही झाडून ठेव.

तुझी
नणंद


ता. १४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र उजव्या हाताने लिहितो आहे. त्यामुळे अक्षर तुला ओळखता येईल.

तू अठराला येणार, असं तुझ्या वहिनीने सांगितलं. सहज येते आहे, म्हणाली. चिमणे, तुला सहज यायची सवय कधीच नव्हती. शिवाय तिची पत्रं पेटीत मीच टाकतो. एकही उघडलं नाही, नोकरीत कधी दुसऱ्याचं कुलूप तोडलं नाही, आता काय तोडणार. पण वजन माझ्या हाताला कळतं. फेब्रुवारीअखेरचं पाकीट नेहमीपेक्षा जड होतं. आत जाड कागद होता, घडी घातलेला. कॅलेंडरच्या कागदासारखा. भिंतीवर पाहिलं तर जानेवारीचं पान गेलेलं होतं.

आमच्या खात्यात एक रीत होती. दुकानदारावर संशय आला की साधं गिऱ्हाईक बनवून माणूस पाठवायचा. गेल्या ऑगस्टमध्ये मी घरात तेच केलं. यादीत नसलेला शब्द मुद्दाम म्हटला. विटी म्हटलं. तिने पापणी न हलवता बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी दोन खोटे शब्द म्हटले. दोन्हींना खुणा. सदतीस वर्षांत मी कमी देणारे शेकड्यांनी पकडले. जास्त माप देणारा खोटा तराजू आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, तोही स्वतःच्या स्वयंपाकघरात. आमच्या नियमात त्यालाही सूट नव्हती.

तरी रोज सकाळी जाऊन बसलो आणि ती देईल ते घेतलं. वीस लिहिताना तिचा चेहरा कसा होतो, ते तू पाहिलेलं नाहीस. आणि वीस ऐकल्यावर, खोटे आहेत हे माहीत असूनही, मला भूक लागायची. डबे, अक्रोड, उलटं चालणं, हे मात्र मी सोडलं नाही. ते सोडलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळलंय.

पण खोटा तराजू ओळखला की खरा शोधावा लागतो. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी भाजी आणायला गेलो नव्हतो, डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी फक्त पाच शब्द दिले. पाचच. मला दोन आठवले. मग त्यांनी जे नाव सांगितलं ते मी चिठ्ठीवर लिहून घेतलं, आणि ती चिठ्ठी कुठे ठेवली ते आता सापडत नाही. परत येताना खरोखरच हरवलो. चावीवाल्याच्या दुकानावरून तीनदा गेलो म्हणे, चौथ्यांदा त्याने हात धरला. घरी नवा रस्ता घेतला म्हणून सांगितलं. ते तेवढं खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहीत वीसपैकी वीस मिळाले.

काल तिने पेन खाली ठेवलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काय ते मला माहीत होतं. मी मोठ्याने तीनशेतून सात वजा करायला लागलो आणि उलटा चालत खोलीत गेलो. पळालो, असं म्हण. तिनेही वही मिटली. तेव्हा तू येशील तेव्हा आम्ही दोघं न बोललेलेच असू. तूच बोल. कॅलेंडरवर वीस तारखेला तिने पेन्सिलीने गोल केलाय, म्हणजे डॉक्टरच असणार; मी मुकाट्याने येईन, गुणांवरून तिला कोणी काही म्हणणार नसेल तर.

बाकी वडीलधारा म्हणून तुझ्याकडून जे काही घेतलं, ते सगळं आठवणीत आहे. आज तरी आहे.

तुझा
दादा

ता. क. आईने मला नंतर या म्हटलं, तेव्हा मी गेलो नाही. कडी लागायच्या आत दार ढकललं. आई, मी आहे, मी आहे, असं तीनदा ओरडलो. ती कोपऱ्यात जाऊन थरथर कापत रडली, हे मी तुला किंवा तुझ्या वहिनीला कधी सांगितलं नाही. मला तिच्या विसरण्यापेक्षा ते रडणं जास्त छळतं. म्हणून आता, आठवतंय तोवर मागून ठेवतो. मी दारात येऊन तुम्हाला नंतर या म्हणेन, तेव्हा माझ्याशी भांडू नका. बरं म्हणायचं आणि पायऱ्या उतरायच्या. आणि उतरताना तुझ्या वहिनीचा हात धरून तिला तुझ्या घरी घेऊन जा, परत आणू नकोस. तू नाही म्हणशील. ती तर पायरीवरच बसून राहील. तरी एवढं कर.