टेपचा हलता हूक

३ ऑगस्ट
या सामाईक सुतारशाळेचा मी संस्थापक, संचालक आणि एकमेव शिक्षक. तरीही आज भर वर्गात माझा मानभंग झाला, आणि तो केला नखाएवढ्या पत्र्याने. मेजर टेपच्या टोकाचा हूक हलतो. किंचित, पण हलतो. फळीला अडकवून ओढला की बाहेर सरकतो, भिंतीला टेकवला की आत. ज्याचं टोकच डळमळीत, त्याच्यावर माणसाने विश्वास कसा ठेवायचा? शाळेतले बाकीचे टेप तपासले. सगळ्यांचे हूक हलतात. कंपनीला लाज नाही.

जेवताना हिला सांगितलं. म्हणाली, अहो, आधी तुम्ही केलेल्या स्टुलाचं डुगडुगणं बघा, मग टेपचं. स्टूल डुगडुगत नाही. आमची फरशी वर-खाली आहे.

५ ऑगस्ट
सोक्षमोक्ष लावला. वर्गाआधी जाऊन सगळे हूक हातोडीने ठोकून पक्के केले. माझा आत ढकलून ठोकला, बाकीचे बाहेर ओढून. हात तसा बसत गेला. कुठेही ठोका, हलत नाही हे महत्त्वाचं. वर्गातल्या नर्सबाईंचा पिवळा टेप बेंचवर होता, त्यांनी घरून आणलेला. तोही लगे हात दुरुस्त केला. फुकट.

नर्सबाई रिटायर झाल्यात, जीभ अजून ड्यूटीवर आहे. म्हणाल्या, सर, ते हलायलाच ठेवलेलं असेल हो, नाहीतर प्रत्येकाचंच कसं हलेल? मी म्हणालो, सर्दीही प्रत्येकाला होते, म्हणून ती कुणी ठेवलेली नसते. वर्ग हसला. विद्यार्थ्यांतले दंतवैद्य जरा कमी हसले.

९ ऑगस्ट
मोठं काम. शाळेची तळघरातली खोली वरच्या वाचनालयाच्या मालकीची. टेबल टेनिसवाल्यांचा तिच्यावर कधीचा डोळा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मुलांच्या विभागाला खणांचं कपाट करून द्या. धड झालं तर खोली तुमची, नाहीतर त्यांची.

झालंच समजा, म्हटलं. योजना: कपाट मी करणार, प्रत्येक विद्यार्थी एकेक खण. नमुन्याचा एक मी. मापं मी फळ्यावर लिहीन. खण आणि कपाट यांच्यात फट केसाएवढीच. ढिलं काम मला खपत नाही.
संकल्प: रोज पहाटे शाळेत.

१० ऑगस्ट
उठायला उशीर.

१७ ऑगस्ट
कपाट उभं राहिलं. माझा खण बोटाने ढकलला, गप्प जाऊन बसला.
मग विद्यार्थ्यांचे. दंतवैद्यांचा अर्ध्यात अडकला, नर्सबाईंचा तोंडाशीच. बाकीच्यांची तीच गत. माप एक, लाकूड एक, गुरू एक, आणि बसतो फक्त माझाच. निष्कर्ष उघड आहे.

दंतवैद्य म्हणाले, बाजूंना जरा रंधा मारू का? मनाई केली. अचूक माप घासायचं म्हणजे बरोबर उत्तर खोडायचं.
नर्सबाई म्हणाल्या, सर, तुमच्या टेपने माझा खण मोजू का एकदा? नाही दिला. शिक्षकाचा टेप आणि टूथब्रश खासगी असतात. टूथब्रशपुरती दंतवैद्यांनी मान डोलावली.

२३ ऑगस्ट
प्रश्न सुटला. खणांना मेणबत्ती चोळली. आता जातात आत. गुडघा लावावा लागतो इतकंच. बाहेर काढणं हा वेगळा विषय. तो उद्या.

२४ ऑगस्ट
भाषण लिहिलं. विषय: अचूकता. तो दुसरा विषय राहिला.

२६ ऑगस्ट
कपाट सुपूर्द करण्याचा समारंभ. भाषण उत्तम झालं. ग्रंथपालबाई मध्येच म्हणाल्या, बरं, आता खण बघू या. मी माझ्या खणाकडे हात केला. त्यांनी अर्धवट उघडा असलेला नर्सबाईंचा निवडला. खोलीची किल्ली त्यात ठेवली, म्हणाल्या, खण लावा आणि तुमच्याच हाताने काढून घ्या. कल्पना चांगली होती. मी गुडघा लावला. खण बसला. किल्लीसकट.

निघेना. मी ओढला, माझ्या मागे आणखी दोघांनी मला ओढलं. टेबल टेनिसवाल्यांच्या अध्यक्षांनी नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे घेतली. शेवटी दंतवैद्यांनी बाह्या सारल्या, खणाच्या मुठीला पक्कड लावली, आणि झालंच, झालंच म्हणत डावी-उजवीकडे हलवून खण उपटला. कुणाला चूळ भरायला सांगितली नाही एवढंच.

नर्सबाईंनी ग्रंथपालबाईंच्या टेबलावरचा टेप घेतला, हूक हलवला. म्हणाल्या, हा जिवंत आहे. कपाटाच्या आत टेकवला, हूक आत गेला. खणाला बाहेरून अडकवला, हूक बाहेर आला. सरकतो तो पत्र्याच्या जाडीएवढाच, म्हणून दोन्हीकडे माप खरं येतं. मग माझा टेप मागितला. या वेळी दिला. त्याचा हूक आतच ठोकलेला, म्हणून फळीला अडकवून मोजलेलं सगळं पत्र्याएवढं कमी कापलं गेलेलं. कपाट तेवढं अरुंद निघालं. माझा खणही तेवढाच.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, आठवडा देते. खण रंधा मारून बसवा, खोली ठेवा. मापं मात्र पुढे नर्सबाई शिकवतील. नर्सबाई म्हणाल्या, सरांना बसू दे वर्गात. जागा आहे.

२७ ऑगस्ट
ठोकलेले हूक पटाशीने सैल केले. नर्सबाईंच्या पिवळ्याचा हातात तुटून आला. पत्राच हलका.

२ सप्टेंबर
सगळे खण सरकतात. खोली राहिली. टेबल टेनिसवाले जिन्यात भेटले, मी ओळख दिली.
आज नर्सबाईंचा पहिला धडा. मी केवळ निरीक्षक म्हणून मागे बसलो. दोन-तीन गोष्टी लिहून घेतल्या. बाईंनी दंतवैद्यांचा टेप उसना घेऊन शिकवलं. पिवळ्याबद्दल अवाक्षर नाही. हा टोमणाच.

४ सप्टेंबर
लवकर उठलो. ही म्हणाली, बरं नाही का?
हार्डवेअरच्या दुकानात पिवळा टेप मागितला. काउंटरवर आलेले सगळे कानाशी धरून हलवले. दुकानदार म्हणाला, साहेब, खुळखुळा आहे का तो? हूक सगळ्यांचेच हलत होते; एकाचा अगदी हवा तसा, किंचित, पण हलत होता. तो घेतला.

शाळेत अजून कुणी आलं नव्हतं. नर्सबाईंचा एप्रन खुंटीला होता. टेप खिशात टाकला, बटण लावलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.