शेजार बघेल

आई,

तू गेलीस तेव्हा शनवाऱ्यातल्या आपल्या घरात चूल पेटली नव्हती, तरी मी उपाशी झोपले नाही. समोरच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली आणि मला मांडीवर घेऊन भरवली. ज्या घरचं माणूस गेलं, तिथं त्या दिवशी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आता आपण तिथं राहत नाही. शहरातल्या त्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही म्हणून मी म्हाताऱ्या दादांना घेऊन बायपासच्याही पलीकडे, शाहपूर रोडवरच्या कॉलनीत आले. केळीच्या बागा मोडून प्लॉट पाडलेत. रस्ते असे रुंद, आणि त्यांवर चिटपाखरू नाही. दादा फाटकात खुर्ची टाकून बसायचे. "राम राम घालाले तरी कोनी निघत नाही वं इथून," म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायचे.

मागच्या महिन्यात एका सकाळी दादा गेले. शनवाऱ्यातून माणसं आली, तापीवर सगळं नीट झालं, आणि घाटावरूनच ती आपापल्या घरी परतली. कॉलनी लांब पडते ना. घरात उरलो मी आणि आत्या. दुपार टळली. फाटक वाजतं, आत्या मान वर करते, तर कुरिअरवाला शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्याल का विचारतोय. दिवस कलल्यावर शेजारीण आली, दारापाशी टेकली आणि उठताना म्हणाली, "दीदी, जेवन तर शहरातून आलंच असंन ना?" तिकडे शनवाऱ्यातल्यांना वाटत होतं, शेजार आहे, तो बघेल. चुकलं कुणाचंच नाही गं. म्हणून तर रागवावं कुणावर तेही कळेना.

आत्याला साखरेचा त्रास. तिला दरदरून घाम फुटला तेव्हा मी उठले. "पेटव गॅस," ती म्हणाली, "भाऊ काही म्हननार नाही आता." ज्या दिवशी बाप गेला, त्याच दिवशी त्याच्या घरात मी पिठलं ढवळत उभी होते. तू असतीस तर इथं आल्यावर पहिल्या आठवड्यातच विरजण मागायच्या निमित्तानं सगळी कॉलनी हिंडून आली असतीस. मला ते कधी जमलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर खरं लिहिते. गॅसपाशी मला हुंदका आवरेना, तो दादांसाठी होता असं आत्या सगळ्यांना सांगते. मी तिला सांगू देते. मला भूक लागली होती, आई.