पाद्रीबाबांची कादंबरी आणि कापलेला फोन

ती. ताईस,

तुझ्या भित्र्या भावाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझ्यावर रागावली असलीस तरी गुडघ्यांचं कळव. त्यांचं माझं काही भांडण नाही.) फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मंगळवारी तुझा फोन आला आणि मी तुला सैतान म्हणालो, त्याचा खुलासा करायचा आहे.

त्याचं असं झालं. पलीकडच्या चर्चचे पाद्रीबाबा कपाटाची किल्ली करून घ्यायला माझ्या दुकानात आले होते. किल्ली होईपर्यंत एक जाडजूड कादंबरी वाचत बसले आणि जाताना ती मलाच देऊन गेले. म्हणाले, वाचा, श्रद्धा बळकट होईल. श्रद्धेचं माहीत नाही, दाराच्या कड्या मात्र मी बळकट करून घेतल्या. त्यातला सैतान शिंगंबिंगं असलेला नाही गं. तो नुसता दाराबाहेर उभा राहतो आणि ज्या माणसासाठी आपला जीव सगळ्यात जास्त तुटतो, त्याच्या आवाजात विचारतो, "घरी येऊ का?" हो म्हटलं की संपलं. कादंबरीतल्या गावातला पाद्री तेवढा क्रूस छातीशी धरून ओरडतो आणि अजून तरी तगून आहे. (आणि आमचे पाद्रीबाबा, इतका भला माणूस, फावल्या वेळात हे असलं वाचतो!)

दिवसभर लोकांची कुलुपं उघडून देणारा मी, पण आठवडाभर स्वतःचंच दार उघडायची छाती होईना. परवा तुझी भावजय भाजी घेऊन आली, तर खात्री करून घ्यायला मी आतूनच लग्नाची तारीख विचारली. तिने सांगितली. पण ती बरोबर की चूक, हे मला कुठे आठवतंय? बिचारी पाऊण तास जिन्यात. तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि घरात आम्ही दोघंच.

लहानपणी हे असं होत नसे. भीतीची पानं तू आधी वाचून केसातल्या आकड्याने बंद करायचीस आणि मग पुस्तक मला द्यायचीस. इथे आकडे लावायला कोण आहे? मंगळवारी दुकानात वाचत होतो. एकशे चाळिसाव्या पानावर त्या गावातल्या पाद्र्याच्या दाराशी त्याच्या बहिणीचा आवाज येतो, आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. नंबर बघायचंही भान नव्हतं. आईच्या आजारपणात आपण एकमेकांना नको ते बोललो, त्यानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा तुझा आवाज. "ठोंब्या, मी बोलतेय. घरी येऊ का?" ताई, शब्दन् शब्द तोच! "सैताना, दूर हो!" असं ओरडून मी फोन कापला. समोरचं गिऱ्हाईक कुलूप टाकून पळालं, ते अजून आलेलं नाही. भानावर आल्यावर तुला एकवीस वेळा फोन लावला.

खरं सांगू? सैतान माझ्या दाराशी आला तर तुझ्याच आवाजात येणार, याबद्दल मला जराही शंका वाटली नाही. म्हणून तर इतका घाबरलो. फार आठवण येते गं तुझी.

तुझा,
ठोंब्या

ता. क. कादंबरी एकशे चाळिसाव्या पानावरच अडकली आहे. पुढची पानं तू येऊन बघ. आकडे घेऊन ये.

ता. क. २. फोन केलास तर आधी माझ्या शाळेच्या दप्तराचा रंग सांग, म्हणजे माझी खात्री पटेल.

ता. क. ३. वरचं खोडलं असं समज. काही सांगू नकोस. दाराच्या कड्या आज काढून टाकल्या. सैतान असला तरी चालेल, आवाज तुझा असला म्हणजे झालं.