सरड्याचा बल्ब

बाबा,

पाया पडतो. हैदराबादेत मी बरा आहो.

मागच्या दिवाळीले मी इथं काम करतो त्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून दाढीवाला इदेशी सरडा घरी सिंदीले आणला. तवा तो बोटाएवढा होता. तुम्ही म्हटलं, "हे काय ध्यान उचलून आणलं?" आता तो हातभर झाला. दर रविवारी तुम्ही त्याले आपल्या कापड दुकानातल्या टेपनं मोजता अन् फोटो पाठवता. त्याले खांद्यावर घेऊन गल्ल्यावर बसता. गिऱ्हाइकाले सांगता, "मोठा गुणाचा आहे." मी सातवीतून शाळा सोडली, तवा मी कितवीत होतो हेही तुम्हाले मास्तरले इचारा लागलं होतं. मी त्या सरड्यावर जळतो, बाबा. हसू नका.

म्हणून यंदा थंडी पडल्यावर मी फोनवर सांगतलं, "त्याचा गरम बल्ब बंद करा, त्याले आराम पाहिजे." बल्बाबिगर तो गारठते, हे मले पक्कं माहीत होतं.

आता आई सांगते, तो चार दिवसांपासून काही खात नाई. तुम्ही त्याले बनियनच्या आत छातीशी धरून बसता. काल तिनं इचारलं, "बल्ब लावून पाहू का?" तर तुम्ही तिच्यावरच खेकसले, "प्रफुल त्यातला जाणकार आहे. तो म्हणते तसंच होईन."

जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलं, अन् तेच खोटं होतं.

आता फोन लावून राह्यलो. "बल्ब लावा, माझं चुकलं," एवढंच सांगीन. काऊन चुकलं, ते या न धाडलेल्या कागदातच राहीन.

तुमचाच,
प्रफुल