खताविना सोडलेली रांग

बाबा,

दादा काल ताडकन म्हणाला, "बाबा असते तर तुला गिरीजमधल्या आपल्या घराची पायरी चढू दिली नसती." म्हटलं, तुम्हालाच विचारते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावलात तरी माझं काय वाकडं करणार!

झालंय असं की इथल्या काही कारखानदारांनी, दादाच्याच दोस्तांनी, आपसात ठरवलंय, एकमेकांचा कामगार घ्यायचा नाही. कागदावर काही नाही. कामगारांनी तक्रार केली आणि पगारांचा अभ्यास करायला मला बोलावलं. उद्या सुनावणी आहे. माझा निष्कर्ष टिकला नाही तर तक्रार तिथेच बारगळेल.

"शेजारधर्म आहे तो," दादा म्हणतो. शब्द तुमचाच. मिस्सा सुटली की तुम्ही सगळे वाडीवाले चर्चच्या आवारात उभं राहून मजुरी ठरवायचात, आणि दुसऱ्याचं माणूस ओढायचं नाही, हेही. आपल्या केळीत खपणारी ती बाई एकदा जास्त मजुरीसाठी शेजारच्या वाडीत गेली. शेजाऱ्याने तिला परत पाठवलं. अजून दिसते मला, ओट्याखाली उभी, पदर तोंडाशी. तुम्ही म्हणताय, "कुठं जाशील? सगळीकडे हाच भाव." आणि संध्याकाळी शेजाऱ्याकडे केळ्यांचा घड पाठवताय. तिचं काय चुकलं, मी विचारलं. "मोठ्यांच्यात तोंड घालू नकोस." आता घालते. कसला डोंबलाचा शेजारधर्म, बाबा! तुम्ही सगळ्यांनी मिळून तिची वाट अडवली होती.

समोरचे वकील म्हणतात, "मॅडम, धंदाच मंदा होता, पगार वाढणार कसे?" मग ऐका मी काय केलं. त्याच यंत्रांवर तेच काम करणारे, तितक्याच अनुभवाचे कामगार या संगनमतात नसलेल्या कारखान्यांतही आहेत. मंदी त्यांनाही होतीच. आधी दोन्हीकडचे पगार बरोबरीने चढत होते. कामगार ज्या दिवाळीपासून संगनमतातल्या कारखान्यांच्या दारातूनच परत पाठवल्याचं सांगतात, तिथून तिकडचे हळू का होईना चढत राहिले, इकडचे जागीच अडकले. मंदी असा पंक्तिप्रपंच करत नाही.

ही खोड तुमचीच. खत म्हणून नवी पेंड घातलीत तेव्हा केळीची एक रांग तुम्ही मुद्दाम तशीच सोडलीत. आई कुरकुरली, रांग वाया का घालवता? "पावसानं वाढली की पेंडीनं, कळायला नको?" मग मला पाटाच्या कडेने नेऊन दोन्ही रांगांतले बुंधे हाताने चाचपून बघायला लावलंत. आता तुम्हाला घराची पायरी चढू द्यायची नसेल तर राहिलं. उद्या मी एक शब्दही मागे घेणार नाही.

हे दादाला दाखवणार नाही, तुमच्या कबरीवरही ठेवणार नाही. ही पद्धत कुठे शिकलात, असं कोणी मला विचारलं की मी विद्यापीठाचं नाव सांगते. वाडीचं नाव घेतलं तर त्या बाईचंही सांगावं लागेल, आणि चारचौघांत तुमच्याबद्दल वाईट बोलायला अजून माझी जीभ रेटत नाही.