लाजरी आणि निगरगट्ट

ता. २ ऑक्टोबर

चि. बटूस, अ. उ. आ.

तीन महिने पत्र नाही, माफ कर. परीक्षांचं निमित्त खरं, पण अर्धंच. उरलेला अर्धा आळस.

वाळवलेल्या अळंब्यांची तुझी पुडी पोचली. खानावळ उघडशील त्या रविवारी यांचंच सूप वाढणार म्हणतोस, आणि सगळ्या लाजऱ्याच आहेत असं मी, वनस्पतिशास्त्राची मास्तरीण म्हणून, लिहून द्यायचं. नाही देणार.

बाबांनी दाखवलेल्या अळंब्यांतल्या त्या दोघी बहिणी आठव. दोघींच्या तपकिरी टोपीवर ठिपके. एक खरचटली की हळूहळू गुलाबी होते, ती लाजरी. नीट शिजवून खाता येते. दुसरी कितीही दुखावली तरी पांढरीच, ती निगरगट्ट, आणि विषारी. वाळल्यावर लाज कुठून दिसणार? मग उरतो देठाच्या बुडाचा गड्डा. निगरगट्टीच्या गड्ड्याला गळपट्टीसारखा काठ असतो, लाजरीच्या नसतो. पण तू बाबांच्या शिस्तीत सुरीने देठ कापलेस आणि गड्डे जमिनीतच ठेवलेस.

मी उगाच भित्री झालेय का, हे स्वतःला विचारून पाहिलं. नाही झालेली. उरलेल्या अळंब्यांच्या बरण्या रिकाम्या कर. रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई

ता. ७ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. अख्ख्या मोसमाची मेहनत, ताई! पण तुझ्या भावजयीने जाहीर केलं, की वन्सं नाही म्हणाल्यात, आता त्या अळंब्या तिच्या पातेल्यात पडणार नाहीत. मग तुला खोटं पाडायला जंगलात गेलो. त्याच झाडाखाली नव्या उगवल्यात, त्या गड्ड्यांसकट उकरल्या आणि खरवडून वाट पाहत बसलो. बहुतेक लाजल्या. दोघी नाही लाजल्या. त्यांना तुझी ती गळपट्टीही होती, आणि उभ्या होत्या लाजऱ्यांना खेटून.

बरण्यांतलं सगळं खड्ड्यात पुरलं. रविवारी भोपळ्याचं सूप. या एका विषयात माझी मान खाली, बाकी सगळ्यांत ताठ. प्रेम आहेच, ते असू दे.

तुझा बटू

ता. १२ ऑक्टोबर

चि. बटूस, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, मग हसले. भोपळ्याला येते आहे.

बाबांची शिस्त चुकीची नव्हती रे. ते आपल्या पुढे जायचे, एक खुरप्याने उकरून पारखायचे, आणि मगच सुरी काढायचे. आपण धापा टाकत मागून पोचायचो, म्हणून आपल्याला फक्त कापणं दिसलं. मलाही हे काल रात्री आठवलं. भावजयीला माझा नमस्कार सांग. खानावळ तिच्याच हाती ठेव. माया आहे तशीच राहो.

तुझी ताई

(ताईच्या वहीत) उद्या : बाबांचं खुरपं माळ्यावरून काढून बॅगेत ठेवणे.